जुन्या गाडीची गिअरची दांडी डुगडुगते? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं करा

गिअरची दांडी ढिली झाली की लोक दोनपैकी एक चूक हमखास करतात. काही जण दुकानातून बुशचं, म्हणजे जोडात बसणाऱ्या नायलॉन-रबराच्या कड्यांचं, किट आणतात, हाताला लागेल तो बुश बदलतात आणि दांडी होती तशीच डुगडुगत राहते. बाकीचे कुणाच्या तरी सांगण्यावरून थेट गिअरबॉक्स उतरवतात. माझ्या मारुती ८०० च्या वेळी एका गॅरेजवाल्यानं खाली वाकूनसुद्धा न बघता सांगितलं होतं, "बॉक्स उतरवायला लागतंय की ओ मालक." प्रत्यक्षात झिजलं होतं ते अंगठ्याच्या पेराएवढं नायलॉनचं बुश. सकाळी दहाच्या आत काम उरकलं.

हा लेख रॉडवर चालणाऱ्या गिअरसाठी आहे, म्हणजे मारुती ८०० आणि तिच्यासारख्या जुन्या गाड्यांसाठी. केबलवाल्या गाड्यांबद्दल शेवटी थोडं लिहिलंय. आपली गाडी कोणत्या जातीची ते गाडीखाली डोकावलं की कळतं. दांडीच्या खालून पुढं लोखंडी नळी किंवा सळई गेलेली दिसली तर रॉड, दोन जाड काळ्या वायरी गेलेल्या दिसल्या तर केबल.

## खाली नेमकं काय असतं

हे समजल्याशिवाय पान्ह्याला हात लावू नका. ढिलाई चार जागी येते.

१. बॉल आणि कप. दांडीच्या अंगावर खालच्या बाजूला एक गोळा असतो, तो प्लॅस्टिकच्या कपात बसतो. हा दांडीचा टेकू.

२. मागचा जोड. दांडीचं खालचं टोक गिअर रॉडला बोल्टनं जोडलेलं असतं. मध्ये नायलॉनचे बुश असतात.

३. पुढचा जोड. रॉडचं दुसरं टोक गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टला जोडलेलं असतं. इथंही बोल्ट आणि बुश.

४. आधाराचा रॉड, म्हणजे एक्स्टेन्शन रॉड. गिअर रॉडला समांतर जाणारा हा दुसरा रॉड गिअरबॉक्सच्या अंगाला आणि दांडीच्या हाउसिंगला, म्हणजे दांडी ज्या कवचात बसते त्याला, धरून ठेवतो. इंजिन हललं तर दांडी त्याच्यासोबत हलावी, गिअर सुटू नये, एवढंच त्याचं काम. त्याच्या टोकाला रबरी बुश असतो आणि हाउसिंग गाडीच्या पत्र्याला रबरांवर टांगलेलं असतं.

दांडी पुढंमागं केली की गिअर रॉड सरकतो, डावीउजवीकडं केली की तो पिळतो. बॉलच्या वरचा दांडीचा भाग खालच्यापेक्षा साधारण चार-पाचपट लांब असतो. त्यामुळं खाली बुशमध्ये २ मिलिमीटर झीज झाली की वर मुठीत ती ८ ते १० मिलिमीटर जाणवते. असे दोन जोड झिजले की दांडी तव्यावरच्या उलथन्यासारखी फिरायला लागते. वरची हालचाल बघून घाबरायचं नाही ते याच्यामुळं.

## टप्पा १: सीटवर बसून निदान

इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी सपाट जागी.

न्यूट्रलमध्ये दांडी डावीउजवीकडं हलणारच. ती तशीच असते, आत स्प्रिंग असते. पुष्कळ लोक न्यूट्रलमधली ही हालचाल बघून "ढिली झाली" म्हणतात. खरी तपासणी गिअरमध्ये करायची.

तिसरा गिअर टाका. आता मूठ दोन बोटांनी धरून हलक्या हातानं पुढंमागं हलवा. जोर लावायचा नाही, फक्त मोकळी हालचाल किती ते बघायचं. डॅशबोर्डला एक पट्टी टेकवून मोजता येतं. मग चौथा टाकून तेच करा. आकडे कागदावर लिहून ठेवा, काम झाल्यावर ताडायला लागतात.

आता तीन गोष्टी वेगळ्या काढा, कारण त्या बुश बदलून जाणार नाहीत.

इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात, पण इंजिन चालू केलं की खर्रर्र आवाज करून अडतात. हे दुखणं क्लचचं. आधी क्लचची केबल बघा.

चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की दांडी एकीकडं उडी मारते आणि सोडला की परत येते. हे बहुधा इंजिनच्या माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांचं. बॉनेट उघडून, कुणाला तरी हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही धरायला सांगून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला लावा आणि बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघा. गाडीच्या समोर उभं राहू नका.

दांडी घट्ट आहे, गिअर पूर्ण पडल्याचं हाताला कळतं, तरीही चालताना एकच ठरावीक गिअर सुटतो. हे बॉक्सच्या आतलं असू शकतं. तरी पुढचे दोन टप्पे करून मगच मेकॅनिककडं जा, म्हणजे त्याला काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

## टप्पा २: गाडी उचलणं

इथं घाई करणाऱ्यांसाठी मी पुढचं काही लिहीतच नाही.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सायलेन्सरची नळी नेमकी याच भागातून जाते आणि हात तिच्यावरच पडतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो, दुपारी उभ्या गाडीचा खालचा पत्रासुद्धा चटका देतो. त्यामुळं काम सकाळी सहाला सुरू करायचं.

मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावा. पुढची बाजू जॅकनं उचलून दोन घोड्यांवर (लोखंडी जॅक स्टँडवर) ठेवा आणि जॅक काढून घ्या. घोड्या नसतील तर हे काम खड्डा असलेल्या गॅरेजात किंवा सर्व्हिसिंग सेंटरच्या रॅम्पवर करा, तासाभराचे पैसे द्या.

सावधान: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटांवर तर मुळीच नाही, वीट फुटताना आधी सांगत नाही.

सावधान: रॉड सुटला की दांडी न्यूट्रलमध्ये दिसते आणि बॉक्स गिअरमध्ये असतो, किंवा उलट. "गिअरमध्ये टाकलीय, सरकणार नाही" हा भरवसा या कामात चालत नाही. भरवसा फक्त ठोकळ्यांचा.

तपासणी: घोड्यांवर ठेवल्यावर गाडीला बाजूनं जोरात धक्का देऊन बघा. हलली तर खाली जायचं नाही, घोड्या परत लावा.

## टप्पा ३: एक वर, एक खाली

सगळ्या कामात मोलाची हीच पंधरा मिनिटं, आणि लोक नेमकी हीच टाळतात.

गाडीत एकाला बसवा. माझा भाचा बसतो. तो वरून "मामा, हलवू का?" असं विचारल्याशिवाय दांडीला हात लावत नाही, हा आमचा नियम. खाली माणसाची बोटं जोडात असतात.

वरच्यानं तिसऱ्या गिअरमध्ये दांडी सावकाश पुढंमागं हलवायची, मोकळी हालचाल आहे तेवढीच. खालच्यानं बॅटरी घेऊन मागून पुढं एकेक जोड बघायचा. नुसतं बघून कळत नाही. जोडाच्या दोन्ही भागांवर मिळून बोट ठेवायचं. झीज असली की बोटाला टिक-टिक लागते.

दांडीचं खालचं टोक हलतंय, पण रॉड जागचा हलत नाही: मागचा जोड गेलाय.

रॉड सरकतोय, पण बॉक्समधून आलेली शाफ्ट थांबलीय: पुढचा जोड गेलाय.

दांडीसोबत सगळं हाउसिंगच हलतंय: आधाराच्या रॉडचा रबरी बुश फाटलाय किंवा हाउसिंगची रबरं बसलीत.

दांडी बॉलच्या जागी वरखाली उचलली जातेय: कप झिजलाय किंवा त्यावरची क्लिप निघालीय.

शाफ्टच बॉक्सच्या भोकात वरखाली डुगडुगतेय: इथं थांबा. ते आतलं काम आहे.

मग हेच सगळं परत एकदा, या वेळी दांडी डावीउजवीकडं हलवून. पुढंमागं बरा वाटणारा जोड पिळताना खुळखुळतो. पहिल्याऐवजी तिसरा पडणं ही तक्रार बहुतेक वेळा या पिळातल्या ढिलाईची असते.

शाफ्ट बॉक्समधून जिथं बाहेर येते तिथं बोट फिरवून बघा. तेलकट चिखल जमलेला असेल तर तिथलं ऑइल सील गळतंय. ते बदलल्याशिवाय नवे बुश बसवू नका, कारण गिअर ऑइलनं जवळचं रबर फुगतं आणि मऊ पडतं.

कोणता जोड किती ढिला ते लिहून घ्या. आता दुकानात जा.

## टप्पा ४: सामान आणि हत्यारं

मारुती ८०० १९८३ पासून २०१४ पर्यंत निघत होती. एवढ्या वर्षांत किट एकच राहिलेलं नाही, आणि चार गिअरची आणि पाच गिअरची गाडीही वेगळी. "आठशेचं किट द्या" एवढं सांगून आणलेलं किट परत द्यायची वेळ येते. आरसीवरचं वर्ष सांगा, गिअर किती ते सांगा आणि जमल्यास जुना बुश नमुना म्हणून न्या. त्यासाठी दोन फेऱ्या मारायची तयारी ठेवा: एकदा खोलून, नमुना काढून, दुसरी गाडी किंवा रिक्षा करून दुकानात. शनिवारी संध्याकाळी खोलून बसू नका, रविवारी दुकान बंद असतं.

किटमध्ये बुश, रबरी टोप्या, क्लिप असतात. त्यासोबत दोन्ही जोडांचे बोल्ट, नायलॉनच्या रिंगचे नट आणि स्प्लिट पिना नव्याच घ्या. हा खर्च लोक वाचवतात आणि तिथंच फसतात. बुश झिजतो तसा त्यातला बोल्टही झिजतो. खाचा पडलेल्या बोल्टवर नवा बुश घातला तर दांडी पहिल्या दिवसापासूनच थोडी ढिली असते आणि महिन्याभरात पूर्ववत.

हत्यारं साधीच. १०, १२ आणि १४ चे रिंग पान्हे, त्याच मापांचे गोटीपान्हे, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, तारेचा ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे. शिवाय डिझेल किंवा रॉकेल, एक पसरट डबा आणि पुसायला कापड. कापडाची आपल्याकडं ददात नाही. जुना सोलापुरी टॉवेल चार तुकडे करून घ्या. सुताचा वेस्ट मात्र जोडाजवळ वापरू नका, त्याचे धागे ग्रीसमध्ये अडकून राहतात.

रात्री झोपण्याआधी दोन्ही जोडांच्या नटांवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी मारून लगेच पान्हा लावला तर नटाच्या कडा गोल होतात.

## टप्पा ५: खुणा

जोडाभोवतीची माती तारेच्या ब्रशनं काढा. मग घरातलं नेलपॉलिश घ्या आणि रॉडवर "वर" कोणती बाजू, "पुढं" कोणतं टोक, ते ठिपक्यांनी दाखवा. दोन्ही जोडांवर, दोन भागांवरून जाणारी एक आडवी रेघ मारा. बोल्ट कोणत्या बाजूनं घातलाय त्याचा फोटो घ्या. हाउसिंगचे नट जिथं बसलेत तिथं पत्र्यावर रेघ मारा.

मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. रॉड उलटा बसवला. सगळं घट्ट झालं, गिअरही पडले, पण तिसरा टाकला की दांडी डॅशबोर्डला टेकायची. पुन्हा सगळं खोललं.

## टप्पा ६: खोलण्याचा क्रम

अ) आधी न्यूट्रल.

आ) गाडीच्या आतून दांडीची मूठ उलटी फिरवून काढा. बहुतेक मुठी आट्यांच्याच असतात, मात्र कुणी बाजारातली शोभेची मूठ बसवली असेल तर खाली बारीक स्क्रू शोधा. मग रबरी किंवा रेक्झिनचं बूट आणि कन्सोलचे स्क्रू. उन्हानं तापून तापून कन्सोलचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. ओढून काढू नका, एखादा लपलेला स्क्रू उरलेला असतो.

इ) गाडीखाली जाऊन मागच्या जोडाचा बोल्ट.

ई) त्यानंतर पुढच्या जोडाचा. रॉड हातात येईल.

उ) आधाराच्या रॉडला शेवटी हात लावायचा, आणि तोही टप्पा ३ मध्ये तो दोषी ठरला असेल तरच. तो आणि हाउसिंग जागेवर असले की बाकी जोडणी आपोआप सरळ रेषेत येते. एकदम सगळं सोडलं की दांडी लोंबकळते आणि मध्य कुठं होता तेच कळत नाही.

बोल्ट निघेना तर हातोडीनं बोल्टच्या टोकावर थेट मारू नका, आटे बसतात. नट उलटा, टोकाच्या पातळीत येईल इतकाच चढवा, त्यावर लाकडाचा तुकडा धरा आणि मग ठोका. आणि ठोकताना रॉडला पलीकडून काहीतरी जड टेकवा. त्या ठोक्यांचा मार बॉक्सच्या शाफ्टवर आणि तिच्या सीलवर जायला नको.

तपासणी: रॉड काढल्यावर बॉक्स खरंच न्यूट्रलमध्ये आहे का ते आत्ताच बघा. पुढची दोन्ही चाकं हवेत आहेत. एक चाक फिरवलं आणि ते फिरलं म्हणून न्यूट्रल समजू नका. डिफरेन्शियलमुळं, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळं, गाडी गिअरमध्ये असतानाही एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं. भाच्याला एक चाक घट्ट धरायला सांगा आणि दुसरं फिरवा. मोकळं फिरलं तर न्यूट्रल. इंजिनचा जोर लागला तर गिअर पडलेला आहे. शाफ्ट हातानं हलवून मध्यावर आणा.

## टप्पा ७: झीज नीट बघा

जुने बुश काढा, डिझेलमध्ये धुवा, पुसा आणि उजेडात धरा.

माझ्या गाडीतला मागच्या जोडाचा बुश मूळचा पांढरा होता. बाहेर आला तेव्हा विड्याच्या काताच्या रंगाचा. एका बाजूची भिंत जाड, दुसऱ्या बाजूची पापुद्र्यासारखी, नखानं दाबली तर वाकत होती. भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. बोल्ट त्यात टाकून हलवला की घंटेच्या लोळीसारखा वाजायचा. आणि बोल्टवर बरोबर बुशच्या रुंदीएवढा एक चकचकीत पट्टा, त्यावरून नख फिरवलं की कडेला अडकत होतं.

हा नखाचा प्रयोग तुम्हीही करा. नख अडकलं की बोल्ट बाद.

मग रॉडच्या टोकाचं भोक. बुश पार फाटून गाडी तशीच चालवली असेल तर लोखंड लोखंडावर घासून भोकच लांबट होतं. नवा बुश त्यात सैल बसतो आणि लोक म्हणतात नवं किट डुप्लिकेट निघालं. भोक लांबट असेल तर रॉड बदला, किंवा भोक भरून नव्यानं पाडून घ्या. ते काम लेथवाल्याचं, घरच्या ड्रिलचं नाही.

लेथवाल्याचा विषय निघालाच आहे तर पितळी बुशचंही सांगतो. आपल्याकडं अक्कलकोट रोड एमआयडीसीत नमुना दाखवला की पितळेचा बुश वळवून मिळतो, आणि दांडी एकदम नव्यासारखी कडक लागते. पण पितळ इंजिनची थरथर गिळत नाही. ती सगळी मुठीत येते, गाडी बिनकामाची खणखणते आणि ग्रीस आटलं की बोल्ट खायला लागते. किट मिळतच नसेल अशा गाडीला चालेल. किट मिळत असताना पितळ करून घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

## टप्पा ८: नवे बुश बसवणं

बसायची जागा तारेच्या ब्रशनं आणि डिझेलनं साफ करून कोरडी करा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी बुश तिरपा बसतो.

नायलॉनचे बुश दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा. उकळतं नको, चहापेक्षा थोडं कमी. नायलॉन मऊ पडतं आणि अंगठ्यानं जवळजवळ आत जातं. उरलेलं बाकात (व्हाइसमध्ये) दाबून किंवा एका लांब बोल्टला दोन्हीकडं मोठे वायसर लावून नट आवळत आत ओढायचं. हातोडी इथं बंद. ठोकून बसवलेल्या बुशच्या कडेला केसाएवढी चीर जाते, ती दिसत नाही आणि दोन महिन्यांत तो तुटतो.

ग्रीसबद्दल. नायलॉन आणि लोखंडाच्या मध्ये नेहमीचं लिथियम ग्रीस चालतं. रबराला मात्र ते लावायचं नाही, रबर फुगतं. तिथं सिलिकॉन ग्रीस किंवा काहीच नाही. आणि ग्रीस बोटभर थापू नका. बाहेर आलेल्या ग्रीसवर आपल्याकडची बारीक धूळ बसते, दोन्ही मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात आणि नवा बुश जुन्यापेक्षा लवकर जातो. आतून पातळ थर द्या, बाहेर आलेलं पुसून टाका, वरची रबरी टोपी फाटकी असेल तर बदला. टोपी नसलेला जोड म्हणजे दर पावसाळ्यात हेच काम.

बॉलचा कप बदलताना जुन्या ग्रीसची ढेप पूर्ण काढा, बॉलवर गंजाचे खड्डे आहेत का बघा आणि क्लिप खाचेत पूर्ण बसल्याचा टक्क आवाज ऐका. कप मिळत नाही म्हणून एम-सील भरणारे लोक मी पाहिलेत. चार दिवस दांडी घट्ट वाटते, मग ते तुकडे होऊन बॉलखाली अडकतात आणि दांडी भर रस्त्यात जाम होते.

सायकलच्या ट्यूबची पट्टी जोडाला गुंडाळून तारेनं आवळायचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. तुळजापूरहून परत येताना बुश तुटला तर घरी पोचण्यापुरता तो करा, मीही केलाय. पण सहा महिने त्याच्यावर गाडी चालवली तर रॉडचं भोक लांबट होणारच.

## टप्पा ९: जोडणी आणि मध्य साधणं

खोलताना होता त्याच्या उलट क्रम. आधी पुढचा जोड, मग मागचा. बोल्ट फोटोतल्या बाजूनंच घाला, नेलपॉलिशच्या रेघा जुळवा.

आवळण्यात लोक चुकतात. बुशच्या आत लोखंडी नळी असेल तर नट पूर्ण आवळा, कारण जोर नळीवर येतो. नळी नसेल तर पूर्ण आवळलं की बुश चिरडतो आणि दांडी परत मध्यावर येत नाही. अशा जोडात ढिलाई जाईपर्यंतच आवळायचं, जोड हातानं मोकळा फिरला पाहिजे. नायलॉन रिंगचा नट घ्यायला सांगितला तो यासाठी, अर्धवट आवळलेला असूनही तो निसटत नाही. स्प्लिट पिन जुनी सरळ करून परत घालू नका.

आधाराच्या रॉडचा रबरी बुश बदलला असेल तर त्याचा बोल्ट दांडी न्यूट्रलमध्ये आणि इंजिन स्वतःच्या जागी निवांत असताना आवळा. इंजिन एकीकडं ढकललेलं असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं.

आता दांडीचा मध्य. न्यूट्रलमध्ये ती सरळ उभी हवी. काही गाड्यांत दांडीच्या हाउसिंगमध्ये गाइड प्लेट असते. तिचे बोल्ट सैल करून प्लेट पुढंमागं सरकवायची, दांडी तिच्या बरोबर मध्यावर आणि प्लेटशी काटकोनात आली की बोल्ट आवळायचे. प्लेट नसेल तर हाउसिंगचे नट पत्र्यावरच्या जुन्या रेघेला जुळवा.

तपासणी: कन्सोल लावण्याआधी, इंजिन बंद ठेवून, सगळे गिअर आणि रिव्हर्स दहा-दहा वेळा टाका. प्रत्येक गिअर पडल्यावर दांडी आणि पत्र्याच्या कडेमध्ये किमान बोटभर जागा हवी. दांडी कुठं पत्र्याला टेकत असेल तर गिअर आत पूर्ण पडत नाही, आणि असा अर्धवट पडलेला गिअरच पुढं रस्त्यात सुटतो. मग टप्पा १ मधली मोजणी परत करा. कागदावरचा आकडा निम्म्याखाली आला नसेल तर एखादा जोड सुटलाय, परत टप्पा ३.

## टप्पा १०: रस्त्यावरची चाचणी

गाडी खाली उतरवा, पण ठोकळे एवढ्यात काढू नका. इंजिन चालू करा, ब्रेक दाबून ठेवा, क्लच पूर्ण दाबून पहिला आणि रिव्हर्स टाकून बघा. क्लच किंचित सोडल्यावर गाडी ज्या दिशेला ओढ घेते तीच तुम्हाला हवी असलेली दिशा आहे का, एवढं खात्रीनं बघा. मग ठोकळे काढा.

पहिली फेरी अंगणात किंवा गल्लीत. दुसरी सकाळी, रहदारीच्या आधी. मी आसरा चौकातून होटगी रोडला जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये स्पीड ब्रेकर घ्यायचे, मुठीला हात न लावता, आणि दांडी बाहेर येतेय का बघायचं. मग तिसऱ्यात ॲक्सिलरेटर दाबून सोडायचा. दांडी थोडी थरथरेल, उडी मारता कामा नये. शेवटी सात रस्त्याच्या गर्दीत पहिला-दुसरा-पहिला. तिथं जे सापडत नाही ते कुठंच सापडत नाही.

नवे बुश पहिले काही दिवस कडक लागतात. दांडी जड वाटली म्हणून नट सैल करायला धावू नका.

## केबलवाल्या गाड्यांसाठी

इथं दोन केबली असतात, एक गिअर निवडायची आणि एक टाकायची. ढिलाई बहुतेक वेळा केबलच्या टोकाच्या प्लॅस्टिक कपात किंवा केबल ब्रॅकेटला धरणाऱ्या क्लिपमध्ये असते. टप्पा ३ ची तपासणी जशीच्या तशी लागू पडते. वरचा माणूस दांडी हलवतो, तुम्ही बॉनेट उघडून बॉक्सवरची टोकं बघता, म्हणजे गाडीखालीसुद्धा जावं लागत नाही. कप स्क्रू ड्रायव्हरनं उचकटताना केबल वाकवू नका. वाकलेली केबल सरळ होते, पण पुन्हा अलगद चालत नाही. केबलची लांबी जुळवायचं काम मात्र तुमच्या गाडीचं मॅन्युअल समोर असल्याशिवाय करू नका.

## शंभर किलोमीटरनंतर

अक्कलकोटला एकदा जाऊन आलात आणि गावातल्या चार फेऱ्या झाल्या की शंभर किलोमीटर होतात. गाडी परत घोड्यांवर घ्या. जोडणीच्या दिवशी प्रत्येक नटावरून बोल्टवर जाणारी नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारून ठेवलेली असेल तर पान्हा लावायचीही गरज नाही, बॅटरीच्या उजेडात नुसतं बघायचं. रेघ सलग असेल तर नट जागेवर आहे. तुटलेली दिसली तर नट फिरलाय. तो काढून नवा नट घाला, त्याच नटाला अजून एक वेढा देऊ नका.